सिटीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी बसवताना फट राहतेय, बोल्टने ओढून घेऊ का?

मुळाकाठ_10
गाडी 2010 ची होंडा सिटी, 1.5 आय-व्हीटेक, पाच गिअरची ऑटोमॅटिक. जुना गिअरबॉक्स उतरवला आहे, बाजारातून वापरलेला आणलाय, टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा). घोड्या, गिअरबॉक्स जॅक, टॉर्क रेंच आहे. इंजिनाला भिडवताना बोटभर फट राहते. बोल्ट आवळून मिटवू का? आणि तेल कोणतं, किती?

पान्हा_बत्तीस
बोल्टला हात लावू नका! गिअरबॉक्स परत खाली घ्या. बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाकडचं रुंद तोंड) दोन डॉवेल पिनांवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) हाताच्या जोराने पूर्ण टेकायला हवं. टेकत नसेल तर बहुतेक वेळा कन्व्हर्टर आत बसलेला नसतो. तसाच आवळला तर तो ड्राइव्ह प्लेट (इंजिनाच्या क्रँकवरची चकती) आणि गिअरबॉक्सचा तेलपंप यांच्यात चेपला जातो. पंपाचा गिअर तडकतो आणि गाडी सुरू केल्यावर प्रेशरच येत नाही.

कन्व्हर्टरला तीन ठिकाणी बसायचं असतं: मेनशाफ्टचे (गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याचे) दाते, त्याभोवतीच्या स्टेटर शाफ्टचे दाते आणि पंपाचा गिअर. बाहेर काढून मेनशाफ्टवरची ओ-रिंग नवी घाला, तिला थोडं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लावा. मग गिअरबॉक्सचं तोंड किंचित वर करून कन्व्हर्टर हळूहळू फिरवत आत ढकला. प्रत्येक टप्प्याला तो 'खट' करून आत जातो. दोन खटक्यांवर समाधान मानू नका, घोटाळा तिथेच होतो. बेल हाउसिंगवर सरळपट्टी आडवी धरून कन्व्हर्टर किती खोल गेला ते आधी आणि नंतर मोजा.

जॅकवर चढवताना कन्व्हर्टर पुढे घसरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी आडवी बांधा. गिअरबॉक्स भिडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि ड्राइव्ह प्लेटपासून थोडा मागे राहिला पाहिजे. मगच तो पुढे ओढून आठ बोल्ट लावायचे. 6 मिमीचेच बोल्ट आहेत, 12 न्यूटन-मीटर पुरे. आधी निम्म्या ताकदीने समोरासमोरचे, मग पूर्ण. क्रँक पुली फिरवत एकेक समोर आणा.

गिअरतेल
चढवण्याआधी एक खात्री करा. 'सिटी ऑटोमॅटिक' म्हणून बाजारात सीव्हीटीही (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गळ्यात मारतात. जुन्या सिटी झेडएक्समध्ये आणि 2014 पासूनच्या मॉडेलमध्ये सीव्हीटी होता. गिअरबॉक्सवर कोरलेला कोड तुमच्या जुन्याशी जुळवा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल चालतो, पण चकचकीत काड्या दिसल्या किंवा तेलाला जळका वास आला तर तो परत करा.

तेल एटीएफ डीडब्ल्यू-1. नुसतं ड्रेन केलं तर अडीच लिटरच्या आसपास निघतं, कारण बाकीचं कन्व्हर्टरमध्ये असतं. पण रिकामा गिअरबॉक्स भरायला दुपटीहून जास्त लागतं, म्हणून सहा लिटर आणून ठेवा. ड्रेन बोल्टला नवा वॉशर, 49 न्यूटन-मीटर. आधी तीनएक लिटर ओता, इंजिन सुरू करा आणि लगेच पातळी बघत थोडंथोडं घाला. शेवटची तपासणी रेडिएटरचा पंखा दोनदा फिरल्यावर, सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून 60 ते 90 सेकंदांच्या आत.

गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळ्या न धुता जोडू नका. जुन्या गिअरबॉक्सची लोखंडी भुकटी तिथेच साचते आणि पहिल्याच दिवशी नव्यात जाते. ताजं तेल ढकलून स्वच्छ येईपर्यंत बाहेर काढा. दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची ऑइल सील आणि टोकाची रिंग नवी.

मुळाकाठ_10
खाली घेऊन पाहिलं. फिरवत ढकलल्यावर तिसरा खटका लागला, कन्व्हर्टर आणखी बोटभर आत गेला. आता फट नाही, मोकळा फिरतोय.
भावाच्या मॅन्युअल सिटीतही असाच गिअरबॉक्स बसेल का?

पान्हा_बत्तीस
गिअरबॉक्स बसेल, पण गाडी चालणार नाही. इंजिनचा संगणक, वायरिंग, गिअर लिव्हर, ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग, पेडल, किल्लीचं इमोबिलायझर, सगळं बदलावं लागेल. त्या खर्चात ऑटोमॅटिक गाडीच घ्यावी.

तुमचं काम झाल्यावर बॅटरी जोडा, एसी-दिवे बंद ठेवून न्यूट्रलमध्ये 3000 आरपीएमवर पंखा लागेपर्यंत धरा, मग पाच मिनिटं आयडलिंगला सोडा. डॅशबोर्डवरचा डी दिवा लुकलुकला तर बिघाडाचा कोड वाचा. आधी सेन्सरचे कनेक्टर तपासा, एखादा अर्धवट बसलेला असतो.