मदत हवी आहे: जुन्या मालडब्याच्या दारात गहू अडवायला हलक्या पण दणकट फळ्या

प्रेअरीकर:

नमस्कार मंडळी,

मी कॅनडात सस्कॅचवानमध्ये राहतो. गावाबाहेर जुनं लाकडी ग्रेन एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवून रेल्वेत भरायचं उंच कोठार, जतन करून ठेवलंय आणि त्याच्या शेजारच्या रुळावर 40 फुटी बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबा, उभा आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे फुकटची सुतारकी करायला जातो. यंदा सुगीनंतरच्या मेळाव्यात या डब्यात खराखुरा सुटा गहू भरून दाखवायचा असं समितीनं ठरवलंय, आणि दाराचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

थोडी पार्श्वभूमी. आज इकडे धान्य हॉपर वॅगनमधून जातं: वरून भरा, खालून सोडा. पण कॅनडा सरकारनं 1972 पासून हॉपर घ्यायला सुरुवात केली, त्याआधी जवळपास सगळा गहू साध्या मालडब्यातूनच जायचा, तोही पोत्यांत नव्हे, सुटा. डब्याचं बाहेरचं सरकतं दार पावसापाण्यापुरतं. गव्हाचा भार त्याच्यावर आला तर ते फुगतं, अडकतं आणि फटीतून गळतं. म्हणून दाराच्या आतल्या बाजूनं, दोन्ही खांबांना टेकवून, फळ्यांचं वेगळं दार ठोकायचे. त्याला ग्रेन डोअर म्हणतात. वरचा भाग उघडाच ठेवायचा, तिथून एलेव्हेटरचा नळा आत घालून गहू सोडायचा. थंडर बेच्या बंदरात डबा पोचला की हे दार फोडून गहू बाहेर. तिथे अख्खा डबा पकडून तिरका करणारी यंत्रंही होती.

ही दारं रेल्वे द्यायची आणि त्यातली बरीच परत यायची नाहीत. शेजारच्या एका शेतात कोंबड्यांच्या खुराड्याची एक भिंत अशाच दाराची आहे, रेल्वेची अक्षरं अजून वाचता येतात. मी जाऊन मोजून आलो: 7 फूट लांब, दोन फुटांहून थोडी कमी रुंद, पाऊण इंची फळ्यांचे दोन थर नुसते खिळ्यांनी जोडलेले.

आता अडचण. आमच्या डब्याच्या खांबांना नवे खिळे मारायला मनाई आहे, आधीच चाळण झालीय. उचलणारे हात सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे एका तुकड्याचं वजन दहा किलोच्या आत हवं. कार्यक्रमानंतर हीच दारं पुढच्या वर्षी वापरायची आहेत, म्हणजे फोडून चालणार नाही. दाराची मोकळी जागा 6 फूट रुंद, डबा आतून साधारण 9 फूट 2 इंच रुंद. गहू दाराशी पावणेदोन मीटरपर्यंत चढेल.

फळीची जाडी किती घ्यावी? आणि खिळ्याशिवाय जागेवर कशी धरावी? ॲल्युमिनियम, प्लायवूड, काहीही सुचवा. समितीकडे पैसे फार नाहीत.

स्थापत्यवाला:

आधी भार किती ते बघू. गव्हाची घनता घनमीटरला सुमारे 770 किलो, रास आपोआप बसते तो कोन 27 अंशांच्या आसपास. रँकिनच्या सूत्रानं (माती किंवा धान्य भिंतीला किती ढकलतं ते काढायचं सूत्र) आडवा दाब उभ्या दाबाच्या 0.375 पट येतो. 1.8 मीटर खोली धरली तर तळाशी चौरस मीटरला साधारण 520 किलो, आणि 6 फुटी दारावर एकूण 850 किलो. या भाराचा मध्य जमिनीपासून फक्त 60 सेंटीमीटरवर. सगळी मारामारी खालच्या भागात आहे.

सायलोसाठी, म्हणजे धान्याच्या उंच कोठारासाठी, यान्सेनचं सूत्र वापरतात, त्यात भिंतीच्या घर्षणामुळे दाब कमी धरता येतो. तुमचा डबा उथळ आणि लांब आहे, इथे ती सवलत घेऊ नका.

तळाची फळी 25 मिलिमीटर जाड घेतली तर वाकण्याचा ताण जवळपास 19 मेगापास्कल आणि मधोमध फुगवटा 60 मिलिमीटर. लगेच मोडणार नाही, पण पुन्हा वापरायचीय म्हणता, तर हे चालणार नाही. 38 मिलिमीटर घेतली की ताण साडेआठच्या खाली येतो आणि फुगवटा 17 मिलिमीटर. लाकूडवाल्याकडे दोन बाय आठ इंची म्हणून जी स्प्रूसची फळी मिळते ती प्रत्यक्षात 38 बाय 184 मिलिमीटर असते. 7 फुटी तुकडा साडेसहा किलोच्या आत बसेल. एका दाराला दहा लागतील.

खुराड्यावरच्या दाराबद्दल: दोन थर नुसते खिळ्यांनी जोडले की ते दोन सुट्या फळ्यांसारखेच वाकतात. मध्ये नीट गोंद असता तर फुगवटा चौथाईवर आला असता. पण एका फेरीपुरत्या दाराला गोंद कोण लावणार?

भुसावळकर:

मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन (डबे-वॅगन देखभाल) खात्यातून निवृत्त. आपल्याकडे हा प्रश्न क्वचितच आला, कारण धान्य बहुतेक 50 किलोच्या पोत्यांतून बीसीएन, म्हणजे बंद, वॅगनमध्ये जातं. थप्पी नीट लावली की पोती स्वतःची स्वतः उभी राहतात, दाराला फारसं काही होत नाही. पंजाब-हरियाणात मोगा-कैथलच्या सायलोंतून सुटा गहू निघतो, पण तो खालून उघडणाऱ्या वॅगनीतून, तिथे बाजूचं दारच नाही.

एक विचारतो. भरलेला डबा हलवणार का? इंजिनानं नुसता टल्ला दिला तरी आतला माल पुढेमागे सरकतो, तेव्हा वरचा हिशोब विसरा.

प्रेअरीकर:

भाऊसाहेब, आधी विचार होता शंभरेक मीटर हलवून दाखवायचा. तुमचं वाचून तो बेत रद्द केला. डबा चाकांना ठोकळे लावून जागीच उभा राहील.

स्थापत्यवाला, हिशोबाबद्दल मनापासून आभार. समितीतले एक आजोबा म्हणतात, डबा पूर्ण भरू नका, फक्त दारापाशी ढीग करा म्हणजे भार कमी येईल. खरं आहे का?

स्थापत्यवाला:

फारसं नाही. दाब ठरतो तो दाराशी गहू किती उंच आहे यावर. मागे 2 मीटर गहू आहे की 6 मीटर, याने दाराला जवळपास काही फरक पडत नाही. भार कमी हवा असेल तर उंची कमी करा. निम्म्या उंचीला एकूण भार चौथाई होतो. प्रेक्षकांना मीटरभर गहूसुद्धा भरपूर दिसेल.

मिनेसोटाचा_मिलिंद:

कागदी दारांचा विचार केलात का? नंतरच्या काळात फळ्यांऐवजी जाड क्राफ्ट कागदाचे अनेक थर आणि त्यावर आडव्या पोलादी पट्ट्या, असं दार सर्रास वापरायचे. गुंडाळी करून एक माणूस नेतो, खांबाला ठोकतो, काम झालं. उतरवताना कापून टाकायचं. हलकं म्हणाल तर याहून हलकं काही नाही.

स्थापत्यवाला:

हलकं आहे कारण ते वाकून भार घेत नाही, ताणून घेतं. पण त्या ताणाचं दुसरं टोक कुठेतरी बांधावं लागतं. मधोमध 15 सेंटीमीटर फुगू दिलं तर तळाच्या प्रत्येक पट्टीला 270 किलोच्या आसपास ओढ येईल, आणि ती सगळी खांबातल्या खिळ्यांवर. इथे खिळ्यांनाच बंदी आहे.

फळीचं उलट आहे. गहू तिला खांबावर दाबून धरतो. खिळा होता तो डबा रिकामा असताना फळी आत पडू नये एवढ्यासाठी. मोकळी जागा 6 फूट आणि फळी 7 फूट, म्हणजे दोन्हीकडे 13-15 सेंटीमीटर टेकण मिळतं. तेवढं पुरे. आता फक्त रिकाम्या डब्यात फळ्या उभ्या ठेवण्याचा प्रश्न उरला.

पंचगंगाकाठ:

अहो, हा तर आमचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा झाला! पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत एकावर एक बरगे (आडव्या फळ्या) टाकायचे, पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढायचे. खिळा नाही, स्क्रू नाही. तुम्हीही तशी खाच करा: डब्याचा खांब ही एक बाजू, आणि त्याच्या आत फळीच्या जाडीहून किंचित जास्त अंतर सोडून एक उभी पट्टी. फळ्या वरून सोडत जायच्या. स्थापत्यवाले, पाण्याच्या तुलनेत गव्हाचा दाब किती हो?

स्थापत्यवाला:

तेवढ्याच खोलीला 30 टक्क्यांच्या आत. बंधाऱ्याचे बरगे याहून कितीतरी जास्त सोसतात.

प्रेअरीकर:

बरगे! लहानपणी आजोळी बघितलेत, पण डोक्यातच आलं नाही. पण ती उभी पट्टी खिळ्याशिवाय धरायची कशी? क्लॅम्प लावायला गेलो तर तो फळीच्याच वाटेत येतो, कारण फळी खांबाच्या आतल्या अंगावर टेकलेली.

रंधा_आणि_करवत:

डब्याला दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं आहेत ना? दोन्हीकडे फळ्या लावायच्याच आहेत. मग समोरासमोरच्या दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडवे टेकू द्या, एक जमिनीलगत, एक गव्हाच्या पातळीच्या वर. टेकू आवश्यकतेपेक्षा बोटभर आखूड कापा आणि टोकाला लाकडी पाचर मारून घट्ट करा. खाचेचं अंतर राखायला पट्टीच्या तळाशी आणि माथ्याशी फळीच्या जाडीचा ठोकळा ठेवा. पट्टी, ठोकळा, खांब असं दाबलं गेलं की हलत नाही. पाचर जास्त ठोकू नका, डब्याचं आतलं अस्तर जुनं आहे.

सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या घ्या. वर 25 चालेल हे खरं, पण दहा-बारा किलो वाचवायला गेलात तर खाच दोन मापांची करावी लागेल आणि ऐन वेळी कुणीतरी पातळ फळी तळाला घालेल. गाठी नसलेल्या, सरळ रेषांच्या फळ्या निवडून तळाला ठेवा. फळीच्या मधल्या दोन फुटांत, कडेजवळ मोठी गाठ असेल तर ती वर. प्लायवूड नको म्हणतो: या अंतराला त्याला मागून फासळ्या लावाव्या लागतात, मग वजन तिथेच येतं.

मिनेसोटाचा_मिलिंद:

मध्ये एक उभा खांब दिला तर? अंतर निम्मं होईल, मग 25 मिलिमीटरच्या फळ्या चालतील.

स्थापत्यवाला:

चालतील, ताण पाचाच्या खाली येतो. पण दारावरचा निम्म्याहून जास्त भार त्या खांबावर जाईल आणि त्याला वर चौकटीत, खाली उंबऱ्याशी पक्का आधार लागेल, खालच्या टोकाशी 400 किलोच्या वर. तोही खिळ्याशिवाय. खांबाचं वजन धरून एकूण बेरीज आताइतकीच येते. नको ती भानगड.

शेतकरी_अल्बर्टा:

एवढी चर्चा झाली, पण कुणी हे बोललं नाही म्हणून लिहितोय. गहू वाहता असताना डब्यात एकही माणूस असता कामा नये. फळी काढली की वरचा गहू खाली धावतो आणि उभा माणूस काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत रुततो. कमरेपर्यंत गेला की दोघांनी ओढूनही निघत नाही. प्रेक्षकांतली पोरं हमखास आत डोकावतात, दोर बांधून लांब ठेवा. फळ्या काढणारा बाहेर, दाराच्या समोर नाही तर बाजूला उभा हवा.

आणि समितीत कुणी कॅनोला (एक तेलबी) भरू म्हटलं तर साफ नाही म्हणा. तो मोहरीएवढा बारीक, जिथून गव्हाचा दाणा जाणार नाही तिथून पाण्यासारखा गळतो.

प्रेअरीकर:

कॅनोलाची सूचना खरंच आली होती, म्हणजे आता उत्तर तयार आहे. सुरक्षेचं आजच समितीला कळवतो.

उतरवायचा क्रम असा ठरवलाय: सगळ्यात वरची फळी काढायची, गहू पातळीला येईपर्यंत थांबायचं, मग पुढची. सगळं बाहेरून, बाजूला उभं राहून, आकडीनं. तळाची फळी भरल्या डब्यात उपसता येईल का, असं एकानं विचारलं.

स्थापत्यवाला:

नाही येणार. तिच्यावर पावणेदोनशे किलोचा दाब आहे, नुसत्या घर्षणानंच सत्तरेक किलोची ओढ लागेल, शिवाय वर बाकीच्या फळ्या आहेतच. वरून खालीच या.

पंचगंगाकाठ:

बंधाऱ्यात बरग्यांच्या दोन रांगा आणि मध्ये माती असते, गळती थांबवायला. तुम्हाला तेवढं नको. पण फळ्या वाळल्या की फटी पडतात.

रंधा_आणि_करवत:

फळ्या लाकूडवाल्याकडून आणल्या की महिनाभर शेडमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, मग कडा रंधून घ्या. दोन मिलिमीटरपर्यंतची फट गव्हाला चालते. आतून गोणपाट लावा, जुने लोकही डब्याच्या फटी गोणपाटानं आणि कागदानं बुजवायचे. गोणपाट फळ्यांना ठोकू नका, वरच्या टेकूवरून पडद्यासारखं सोडा आणि तळाला वीतभर जमिनीवर पसरू द्या, गहूच त्याला दाबून धरेल. सगळ्यात जास्त गळती तळाची फळी आणि जमीन यांच्यामध्ये, दोन्ही कोपऱ्यांत होते. तिथे गोणपाटाची घडी करून कोंबा, आणि पहिली दोन पोती गहू हातानं ओतून बघा. गळलं तर तेव्हाच कळेल, नळा सोडल्यावर नाही.

प्रेअरीकर:

झकास. वीस फळ्या, चार पट्ट्या, चार टेकू आणि पाचरींची यादी लाकूडवाल्याला पाठवली. गोणपाट मात्र इथे मिळत नाही, बटाट्याची पोती चालतील का?

रंधा_आणि_करवत:

तागाची असतील तर चालतील. प्लास्टिकच्या विणीची घेऊ नका, ती घसरतात.