‘द लाँग नाइट’ भाग इतका काळोखा का दिसतो?

प्रश्न (साखळी): ‘गेम ऑफ थ्रोन्स’, पर्व 8, भाग 3. जादूगार मेलिसांड्रे डोथ्राकी घोडेस्वारांच्या तलवारी पेटवते आणि लांबवर त्या एकेक करून विझतात, अंगावर काटा! पुढे मात्र काळ्या भागात नुसते ठोकळे नि पट्टे. टीव्ही गेला की भागच असा?

उत्तर (फोंडा): भाग मुद्दामच अंधारा आहे. 82 मिनिटांचा, लढाईचं चित्रीकरण तब्बल 55 रात्री चाललं. ठोकळे मात्र स्ट्रीमिंगचे. कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, आधी काळ्या छटांमधला बारीक फरक खातं. त्यात बर्फाचं वादळ, म्हणजे प्रत्येक फ्रेम वेगळी. डेटा पुरणार कुठून? ब्लू-रेवर हेच प्रसंग कितीतरी स्वच्छ दिसतात.

उत्तर (म्हापसा): टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ पिक्चर मोड काढा, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि वीज वाचवणारा सेन्सर बंद. उजेड हवा तर बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) वाढवा. बऱ्याच टीव्हींत ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्याची पातळी, ती चढवली की काळं राखाडी होतं. सगळे इथेच फसतात. एचडीएमआयची रेंजही (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) जुळवा: बॉक्स ‘फुल’वर नि टीव्ही ‘लिमिटेड’वर असेल तर सावल्यांतलं सगळं गडप. आणि बाल्कांवातला (ओसरीवरचा) दिवा आधी मालवा बाबा, काचेवर तोच चमकत असतो.

प्रश्नकर्ता: रेंजच उलटी होती. ठोकळे थोडे आहेतच, पण वीअरवुडच्या झाडाखाली थिऑन निदान दिसतो आता.

उत्तर (फोंडा): मग आर्याची उडी परत बघा. खंजीर डाव्या हातातून सुटतो, उजवा खाली तयार असतो.