मंडळाच्या लॅपटॉपवर प्रोग्राम आहे, पण यादीत नाही

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

मंडळाचा जुना लॅपटॉप विंडोज १० वर आहे आणि त्यावर विंडोज ११ चढत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, म्हणून कार्यकारिणीने नवा लॅपटॉप घेतला. जुन्यावर काय काय आहे याची यादी करायचं काम माझ्याकडे आलंय.

सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’ उघडलं तर यादी फारच आखूड आहे. ज्यावरून आपण ऑनलाइन सभा घेतो ते झूम त्यात नाही. पावत्या स्कॅन करायचा प्रोग्राम नाही. आणि दिवाळी अंक ज्यात जुळवतो ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही नाही. या शेवटच्याचा आयकॉन मात्र डेस्कटॉपवर आहे आणि त्यावर क्लिक केलं की ते उघडतं. पण जुन्या अंकांच्या फाइली त्यात मराठी दिसत नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

एका सभासदांनी एक ‘क्लीनर’ चालवून बघायला सुचवलंय. चालवू का? अंकाच्या जुन्या फाइलींची मला खरंच काळजी वाटते.

– ताई (सचिव)

---

प्रेषक: नाना

ताई, मूळ सीडी माझ्याकडे आहे. सरळ नव्या लॅपटॉपवर टाकून मोकळं व्हा. जुन्यावर वेळ घालवू नका.

– नाना

---

प्रेषक: अण्णा

ताई, नाना, नमस्कार.

क्लीनर कृपा करून चालवू नका. रजिस्ट्री (विंडोज स्वतःच्या आणि प्रोग्रामांच्या नोंदी जिथे ठेवतं ती जणू वही) साफ करणाऱ्या अशा प्रोग्रामांना मायक्रोसॉफ्ट स्वतःच पाठिंबा देत नाही. आपल्याला इथे उलट जे काही शिल्लक आहे ते वाचायचंय. पुसून गेलं तर शोधायला काही उरणारच नाही. आणि नाना, सीडी लागेलच, पण नेमकं काय झालंय ते आधी कळू द्या.

ती यादी तयार करताना विंडोज डिस्कवर प्रोग्राम शोधत फिरत नाही. प्रत्येक प्रोग्राम इन्स्टॉल होताना रजिस्ट्रीत ‘अनइन्स्टॉल’ नावाच्या कप्प्यात स्वतःची नोंद करतो: नाव, आवृत्ती आणि तो काढायचा असेल तर कोणती फाइल चालवायची. विंडोज फक्त या नोंदी वाचून दाखवतं. (स्टोअरमधून घेतलेल्या ॲपचा हिशोब वेगळा ठेवला जातो. ती सेटिंग्जमध्ये दिसतात, जुन्या कंट्रोल पॅनलच्या यादीत दिसत नाहीत.) म्हणून नोंद गेली आणि फोल्डर राहिला तर प्रोग्राम उघडतो, पण यादीत नसतो.

हे कप्पे एकूण तीन. ‘एचके लोकल मशीन’खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल असं उतरत गेलं की पहिला सापडतो. ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामांचा दुसरा, तो सॉफ्टवेअरखालच्या ‘वाव६४३२नोड’मध्ये असतो. तिसरा ‘एचके करंट यूझर’खाली, आणि माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. झूमसारखे प्रोग्राम बहुधा सगळ्या मशीनसाठी बसत नाहीत, ज्याने बसवला त्याच्या खात्यापुरते बसतात. त्यांच्या फाइली त्या माणसाच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असतात आणि नोंदही त्याच्याच खात्यात असते. दुसऱ्या खात्यातून बघणाऱ्याला ती दिसत नाही. तुम्ही स्वतःचं नवं खातं उघडून बघताय का?

टायपिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. आपले जुने अंक युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असायचा. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. म्हणजे मजकूर शाबूत आहे, फॉन्ट तेवढे गेलेत. फॉन्ट असतात सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये, नोंदीही सी ड्राइव्हवरच. दोन्ही एकदम गेलं आणि प्रोग्राम मात्र उघडतोय, तर माझा अंदाज असा की तो डी ड्राइव्हवर बसवलेला आहे आणि मधे कधीतरी विंडोज पुन्हा घातलं गेलं, किंवा ‘रिसेट धिस पीसी’ केलं गेलं. रिसेट करताना ‘फाइली ठेवा’ म्हटलं तरी प्रोग्राम जातातच. विंडोज डेस्कटॉपवर ‘रिमूव्ह्ड ॲप्स’ नावाची फाइल मात्र ठेवून जातं, काय काय काढलं त्याची.

तर हे बघून कळवा:

सेटिंग्जच्या त्या पानावर ‘फिल्टर’पुढे ‘ऑल ड्राइव्ह्ज’ आहे ना? तिथे एखादाच ड्राइव्ह निवडलेला असला तर बाकीचं झाकलं जातं. मग टायपिंगच्या आयकॉनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘टार्गेट’मध्ये कुठला ड्राइव्ह लिहिलाय ते बघा. त्यानंतर लॅपटॉपवर आणखी कोणाची खाती असतील तर त्यांच्या परवानगीने त्यात जाऊन हीच यादी बघा, आणि ‘रिमूव्ह्ड ॲप्स’ सापडते का तेही. प्रत्येक खात्यात कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘विंगेट लिस्ट’ ही बसवलेल्या प्रोग्रामांची यादी देणारी कमांड चालवलीत तर सगळं एका जागी येईल, तो मजकूर कॉपी करून इथे पाठवा.

रजिस्ट्री उघडून नुसती वाचलीत तर काही बिघडत नाही. बदल मात्र काही करू नका.

– अण्णा

---

प्रेषक: माजी खजिनदार

ताई, माझं खातं त्यावर अजून आहे. पासवर्ड फोनवर सांगतो. अण्णांचा अंदाज बरोबर आहे, लॅपटॉप फार अडकत होता म्हणून मागच्या वर्षी दुरुस्तीला दिला होता. परत आला तेव्हा फाइली सगळ्या जागेवर होत्या, म्हणून प्रोग्रामांकडे कोणी पाहिलंच नाही.

– काका

---

प्रेषक: सचिव

अण्णा, फिल्टर ‘ऑल ड्राइव्ह्ज’वरच होता. मी माझ्याच नव्या खात्यातून बघत होते. काकांच्या खात्यात झूम व्यवस्थित यादीत आहे. त्यांच्या डेस्कटॉपवर ‘रिमूव्ह्ड ॲप्स’ही सापडली आणि त्यात स्कॅनचा प्रोग्राम आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर दोन्ही आहेत. स्कॅनचा फोल्डर कुठेच नाही. टायपिंगचं टार्गेट डी ड्राइव्ह दाखवतं.

आता एक शंका. टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडतं, पण वर ‘डेमो’ लिहून येतं आणि सेव्ह होत नाही. लायसन्स या जुन्या मशीनला बांधलेलं असेल तर नव्यावर कसं न्यायचं? यादीतच नाही, तर अनइन्स्टॉल तरी कुठून करू?

– ताई

---

प्रेषक: अण्णा

ताई, छान शोधलंत. म्हणजे तिन्हींची कारणं निराळी निघाली.

झूमला काहीच करायचं नाही, नव्या लॅपटॉपवर नव्याने घ्या. स्कॅनचा प्रोग्राम खरोखरच गेलाय. तो स्कॅनरच्या कंपनीच्या साइटवरून थेट नव्या मशीनवर घ्या, जुन्यावर पुन्हा बसवू नका.

टायपिंगचं काम सावकाश करू. सगळ्यात आधी डी ड्राइव्हवरचा तो फोल्डर आणि अंकांच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग जुन्याच लॅपटॉपवर सीडीतून सेटअप चालवा आणि ठिकाण विचारेल तिथे तोच डी ड्राइव्हवरचा फोल्डर द्या. सेटअप नोंद पुन्हा लिहील, फॉन्ट पुन्हा बसवेल. नंतर यादी उघडलीत तर नाव दिसायला हवं, आणि तिथूनच ते रीतसर अनइन्स्टॉलही होईल. रजिस्ट्रीत हाताने नोंद तयार करायचा सल्ला इंटरनेटवर मिळतो, तो घेऊ नका. नाव दिसेल, पण फॉन्ट काही परत येणार नाहीत, आणि अनइन्स्टॉल दाबल्यावर अर्धवट काहीतरी होऊन बसेल.

अनइन्स्टॉलची घाई मात्र नको. आधी एक जुना अंक उघडून मराठी नीट दिसतंय का बघा, आणि जमतील तितके अंक युनिकोडमध्ये बदलून घ्या. नव्या विंडोजवर तो सेटअप चालेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जुन्या अंकांमध्ये इथे पहिल्यांदा आलेल्या पिढीचं लिखाण आहे, दुसरीकडे कुठे छापलेलं नाही. ते जुन्या फॉन्टमध्ये अडकून राहायला नको. हे होईपर्यंत जुना लॅपटॉप कोणाला देऊ नये, अशी कार्यकारिणीला माझी कळकळीची विनंती आहे. सपोर्ट संपलाय, तेव्हा तो इंटरनेटला न जोडता वापरा.

लायसन्सबद्दल नानांना विचारायचंय. त्या काळातल्या मराठी डीटीपी (छपाईची पानं जुळवायच्या) सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा हार्डवेअर लॉक असायचं, म्हणजे संगणकाला जोडलं तरच सॉफ्टवेअर पूर्ण चालतं असं छोटं उपकरण. नाना, सीडीबरोबर असं काही आलं होतं का?

– अण्णा

---

प्रेषक: नाना

अण्णा, लॉक आहे. यूएसबीचं, सीडीच्याच पाकिटात. लॅपटॉप दुरुस्तीला जाताना मीच काढून ठेवलं होतं. म्हणूनच डेमो येत असणार. म्हणजे लायसन्स मशीनला बांधलेलं नाही, लॉक लावलं की चालायला हवं.

सीडी, लॉक आणि बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह असं सगळं शनिवारी घेऊन येतो. सगळ्यात जुन्या अंकापासून सुरुवात करू. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, मुद्रितशोधनाला माणसं लागतील. ज्यांना जमेल त्यांनी ताईंना कळवावं.

– नाना