प्रतिसाद: हायवेला गार, सिग्नलला गरम

तुमच्या पंधरा वर्षं जुन्या, मागेही एसी असलेल्या सात सीटच्या गाडीचा एसी हायवेला गार हवा देतो आणि सिग्नलला कोमट, तरी गॅरेजवाला थेट कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) बदला म्हणतोय. मला हे पटत नाही. कॉम्प्रेसर पूर्ण गेला असता तर हायवेलाही घाम आला असता; झिजलेला असेल तर असं होऊ शकतं, पण आधी सोप्या गोष्टी बघा. गाडी पळताना कंडेन्सरला (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) वारा आपोआप मिळतो, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. म्हणून आधी एसी लावून बॉनेट उघडा आणि कंडेन्सरचा फॅन पूर्ण वेगात फिरतोय का बघा. फिरत नसेल तर रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच), फ्यूज, मोटर, यांपैकी काहीही असू शकतं. सिग्नलला इंजिनचा तापमानाचा काटाही वर सरकत असेल तर फॅनवरचा संशय आणखी पक्का.

दुसरं, पंधरा वर्षांच्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत चिखल, माशा, पाचोळा दाबून बसलेला असतो. पाणी इंजिनच्या बाजूने, हलक्या प्रेशरने मारायचं. वॉशिंगवाल्याच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात.

या चर्चेत कुणीतरी "दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरा" असं लिहिलंय. अहो, हा गॅस काय डिझेल आहे संपायला? वर्षात उतरत असेल तर गळती आहे. सात सीटच्या गाडीत मागच्या कूलिंग कॉइलकडे (हवा गार करणारी जाळी) जाणारे लांब पाइप गाडीखालून जात असतील तर ते गंजतात, सांधेही सैल होतात. गळती शोधायला नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायला सांगा.

मागचा एसी बंद ठेवल्यावर सिग्नलला पुढे फरक पडतो का, तेवढं कळवा.