डिपॉझिटमधून ३०,२४० कापले, यातलं किती खरंच लागू होतं? (नागाळा पार्क, कोल्हापूर)

तळमजला_नागाळा

२ बीएचके, भाडं १२,०००, डिपॉझिट ६०,०००. ११-११ महिन्यांचे दोन लिव्ह अँड लायसन्स करार, दोन्ही नोंदवलेले. डिपॉझिट बँकेतून दिलं होतं. मुदत संपली त्याच दिवशी चावी दिली. दहा दिवसांनी मालकांनी व्हॉट्सअॅपवर हिशोब पाठवला: पूर्ण घराचा रंग १८,०००, सफाई ३,५००, गिझर २,८००, किचन ट्रॉली ४,०००, लाईट बिल १,९४०. पावती एकाचीही नाही. उरलेले २९,७६० खात्यात जमा केलेत.

आम्ही राहायला आलो तेव्हाच रंग वर्षभराचा जुना होता. हॉलच्या भिंतीला खालून पोपडे सुटलेत, तेही आमच्यामुळेच म्हणतात. करारात वाक्य आहे, "नैसर्गिक झीज वगळून जागा पूर्वस्थितीत परत करावी." आलेली रक्कम ठेवून घेतली तर बाकीचा हक्क जातो का?

हिशोब_चोख

रक्कम ठेवा. हक्क जात नाही, फक्त "हिशोब पूर्ण झाला" असं काही लिहून देऊ नका. आजच एक मेसेज टाका: "२९,७६० रुपये आंशिक परतावा म्हणून मिळाले. उरलेल्या ३०,२४० च्या कपातीला हरकत आहे. प्रत्येक बाबीची पावती आणि फोटो द्यावेत." आणि पावतीच मागा, कोटेशन नको. कोटेशन कितीचंही आणता येतं.

पुढं बाबवार भांडा, एकूण आकड्यावर नको. एकूण आकड्यावर बोललं की "बरं, ५,००० घ्या" इथंच गाडी थांबते.

सगळ्यात मोठी बाब रंगाची. तुमच्या करारात झीज वगळलेली आहे, त्यामुळं फिका पडलेला रंग, फर्निचरमागचे पट्टे, कॅलेंडरचे दोन खिळे हे तुमच्या माथी येत नाही. येतं ते नुकसान: मोठी भोकं, तेलाचे डाग, पोरांनी रंगवलेल्या भिंती. तेही नव्या रंगाच्या पूर्ण भावानं नाही. रंगाचं आयुष्य ४ वर्षं धरा, म्हणजे ४८ महिने. वर्षभराचा होता आणि तुम्ही २२ महिने राहिलात, म्हणजे ३४ महिने वापरून झाले. उरले १४. अगदी सगळं घर तुम्हीच खराब केलं असं धरलं तरी १८,००० चे १४/४८, म्हणजे ५,२५० होतात. एका खोलीचंच नुकसान असेल तर तेवढ्याच खोलीचा हिशोब. हे गणित कायद्यात लिहिलेलं नाही, पण बोलणीत आणि लोक अदालतीत समोरच्याला पटतं.

मात्र काही करारांत "सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं सरळ लिहिलेलं असतं. तसं असेल तर हा मुद्दा बराच लंगडा पडतो. तुमचा दुसरा करार पुन्हा वाचा. नूतनीकरणाच्या वेळी अशी ओळ गुपचूप घुसते.

ओल_गळती

पोपड्यांबद्दल. ओल कुठून चढते ते भिंतच सांगते. फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा, त्यावर पांढरं खारं आणि हात लावला की भुगा पडत असेल, तर पाणी घराच्या पायातून वर चढतंय. जोत्याला डीपीसी (जमिनीतली ओल अडवणारा थर) नाही किंवा ती निकामी झालीय. त्यात नागाळा पार्कचा तळमजला. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी त्या भागात शिरलं होतं. पुरात भिजलेल्या विटांतले क्षार पुढं कित्येक पावसाळे बाहेर येत राहतात. वरून कितीही रंग मारा, पोपडा सुटणारच. ते काम मालकाचं.

वरच्या कोपऱ्यात ओल असेल तर स्लॅबची गळती, बाथरूमच्या सामाईक भिंतीवर असेल तर पाईप. कपाटामागं काळे ठिपके असतील तर मात्र तुमच्याकडं बोट दाखवता येतं, कारण ती हवा न खेळल्यानं धरलेली बुरशी असते.

भिंतीचे फोटो टेप लावून, उंची दिसेल असे हवेत. तुमच्याकडं नसतील तर मालकांनी पाठवलेले जपून ठेवा.

घरमालक_रुईकर

मालकाच्या बाजूनं बोलतो. सफाई सरसकट नाकारू नका. चिमणीला चिकटलेलं तेल, संडासातले डाग, सोडून गेलेलं सामान याचा खर्च मागणं रास्त आहे. पण आधीच्या भाडेकरूनं स्वच्छ करून दिलं होतं याचा काहीतरी पुरावा मालकाकडं हवा.

गिझरमध्ये काय बदललं ते विचारा. बोअरच्या जड पाण्यानं कॉइलवर क्षार बसून ती जाते किंवा थर्मोस्टॅट जातो, ती झीजच. ट्रॉलीचे चॅनेल गंजले असतील तर तेही तसंच. बास्केटची तार वजनानं तुटली असेल तर ती तुमची.

तळमजला_नागाळा

बोअरचंच पाणी आहे. लाईट बिल बघितलं, त्यात महिन्याचं बिल ७६० आणि वेगळ्या बिलाचे १,१८० आहेत. चावी देताना रीडिंगचा फोटो काढला होता.

हिशोब_चोख

ते १,१८० म्हणजे महावितरणच्या अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल आहे का बघा. ते नेहमीच्या बिलापासून वेगळं येतं. ही ठेव मीटर ज्याच्या नावावर त्याची, तिचं व्याजही त्यालाच मिळतं. ती तुमच्याकडून घ्यायची नाही. ७६० मधले चावी दिलेल्या रीडिंगपर्यंतचेच युनिट तुमचे, स्थिर आकार दिवसांच्या प्रमाणात.

कोर्ट_कचेरी

मेसेजला १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर लेखी नोटीस द्या. स्पीड पोस्टानं, पोहोचपावतीसह. नोटिशीत व्याजाची मागणी स्पष्ट लिहा, म्हणजे पुढं व्याज मागायला आधार राहतो.

नंतर थेट दावा करू नका. एवढ्या रकमेत वकिलाची फीच जड जाते. कसबा बावडा रोडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथं दाखलपूर्व अर्ज द्या. समोरच्याला बोलावतात, तडजोड झाली तर लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मालक आलेच नाहीत तर दिवाणी कोर्ट. दावा करायची मुदत ३ वर्षं.

अर्जासोबत दोन्ही करार, बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपचा हिशोब लावा. कोर्टात चॅट द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून फोन विकू नका, चॅट पुसू नका. दुसऱ्या करारात "आधीचं डिपॉझिट ६०,००० पुढं चालू" असं लिहिलंय का तेही बघा. नसेल तर पहिला करार आणि बँकेची नोंद एकत्र दाखवावी लागेल.

"डिपॉझिट २ महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही" असं नोटिशीत लिहू नका. ते २०२१ च्या केंद्राच्या नमुना कायद्यात आहे, राज्यानं कायदा केल्याशिवाय लागू होत नाही.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: पैसे मिळेपर्यंत घर सोडायचं नाही, हा हट्ट धरू नका. मुदत संपल्यावर राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणं दुप्पट दरानं भरपाई लागते. चावी देताना ताबा पावती घ्या: तारीख, मीटर रीडिंग, खोलीवार स्थिती, दोघांच्या सह्या.