मदत हवी आहे : इंग्रजीतला 'बँक' एक शब्द धरायचा की दोन?

शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीची पुस्तिका तयार करतो आहे. 'बँक'पाशी गाडी अडली आहे.

नदीकाठ या अर्थाचा 'बँक' मध्ययुगात स्कँडिनेव्हियन भाषांतून इंग्रजीत आला. वाळूचा दांडा, ढगांची रांग, वळताना विमानाचं कलणं हे सगळं त्याच काठाच्या उतारावरून. पैशांची बँक मात्र पंधराव्या शतकात इटालियन 'बांका'वरून, फ्रेंचचा हात धरून आली. बांका म्हणजे बाक, सराफ ज्यावर नाणी मांडत ते मेज. 'बँकरप्ट'मध्येही तेच मेज आहे : 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेला बाक. मुलांच्या हे कायमचं लक्षात राहील, त्यामुळे ते गाळायचं नाही. ब्लड बँक अर्थात पैशांच्या बँकेवरून.

इथवर ठीक. पण आणखी मागे गेलं की इटालियन शब्दही मूळचा जर्मानिकच (इंग्रजी, जर्मन, स्कँडिनेव्हियन भाषा ज्या कुळातल्या, त्याच कुळातला) निघतो आणि काठ, पेढी, शिवाय 'बेंच'सुद्धा एकाच मुळाशी पोचतात. मोठ्या इंग्रजी कोशांत काठ आणि पेढी यांच्या नोंदी वेगळ्या आहेत, तर भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत 'बँक' हे योगायोगाने सारख्या झालेल्या शब्दांचं ठरलेलं उदाहरण. मूळ एक असताना 'योगायोग' म्हणायला मन धजत नाही.

अर्थांची यादी नको, ती तयार आहे. जागा एकाच पानाची आणि मुलांना ध्वनिचिन्हं येत नाहीत. कोशकार्य किंवा भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांनी सांगावं : दोन नोंदी करून समान मूळ तळटीपेत द्यावं, की एकाच नोंदीत दोन वाटा दाखवाव्यात, आणि कोणत्या निकषावर?