मदत हवी आहे: उमेदवारी अर्ज बाद झाला तर निकालापर्यंत हायकोर्टाचं दार बंदच का?

नमस्कार मंडळी, कायद्याच्या जाणकारांना विचारायचंय. संविधानाचा अनुच्छेद ३२९(ख) म्हणतो की संसद वा विधानसभेच्या निवडणुकीला फक्त निवडणूक याचिकेनेच आव्हान देता येतं. पंचायतींसाठी २४३-ओ मध्ये जवळपास हेच आहे. इथवर ठीक.

१९५२ च्या पोन्नुस्वामी प्रकरणात नामक्कलच्या उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 'निवडणूक' म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया, त्यामुळे मध्येच अनुच्छेद २२६ खाली रिट (हायकोर्टात थेट दाद मागायची याचिका) चालणार नाही. म्हणजे चुकीने बाद झालेल्या माणसाने मतदान होऊ द्यायचं, दुसरा निवडून येऊ द्यायचा आणि मग ४५ दिवसांत याचिका टाकायची. ती निकाली निघेपर्यंत निम्मी मुदत संपलेली! निवडणुका कोर्टात अडकू नयेत हे पटतं, पण किंमत भरतो तो उमेदवारच.

माझं घोडं अडलंय ते सुप्रीम कोर्टाच्याच २००० च्या अशोक कुमार निकालापाशी. त्यात प्रक्रियेला खीळ न घालता ती सुरळीत पार पडायला मदत होत असेल, तर कोर्टाला मर्यादित दखल घेता येते असं म्हटलंय. मग समजा, मतपत्रिकेवर उमेदवाराचं चिन्हच चुकीचं छापलं गेलं आणि मतदानाला अजून आठवडा आहे. फेरछपाईचा आदेश ही मदत की अडथळा? बाद झालेला अर्ज मात्र या सवलतीत कधीच बसत नाही का?

२००० नंतर हायकोर्टाने अशी दखल घेतलेला आणि सुप्रीम कोर्टात टिकलेला एखादा निकाल माहीत असेल तर कृपया सांगा.